श्वासातून येणारं पाणी: एका न्यूमोनियाचा शोध

आज आपण नाशिकमध्ये, द्वारका चौकाजवळ जमलो आहोत. गोदावरी इथून फार लांब नाही. पाण्यातून रोग येतो, हे नदीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पटकीची आठवण जरीमरीच्या देवळांनी गावोगाव जपली आहे. पण ती भीती पिण्याच्या पाण्याची. आज आपण पाहणार आहोत तो रोग पाण्याच्या सूक्ष्म तुषारांवाटे थेट फुप्फुसात उतरतो.

जुलै 1976. फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं. मंडळी घरी परतली आणि ताप, खोकला, न्यूमोनियानं पटापट आजारी पडू लागली. एकूण 34 जण दगावले. काही रुग्ण तर हॉटेलात गेलेच नव्हते, नुसते समोरच्या रस्त्यावरून गेले होते. स्वाइन फ्लू? विषबाधा? महिनोन्‌महिने काहीच हाती लागेना.

अटलांटाच्या सीडीसी या सरकारी संस्थेत जोसेफ मॅक्डेड यांना ऑगस्टमध्येच गिनीपिगच्या पेशींत दांडीसारखे काही जिवाणू दिसले होते. बाहेरून मिसळले असतील, म्हणून त्यांनी ते सोडून दिले. डिसेंबरअखेर, मनात सल राहिल्यामुळे, त्यांनी त्याच काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या. जानेवारी 1977 मध्ये जिवाणू सापडल्याचं जाहीर झालं. पुढे त्याचं नाव पडलं लीजनेला न्यूमोफिला.

मग जुने नमुने तपासले गेले. वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात 1965 साली आलेली साथ याच जिवाणूची निघाली. म्हणजे रोग नवा नव्हता, आपल्याला तो ओळखता आला नव्हता.

हा जिवाणू साधारण 20 ते 45 अंशांच्या कोमट पाण्यात, बुळबुळीत थरात, अमिबाच्या पोटातसुद्धा वाढतो. कूलिंग टॉवर, शॉवर, कारंजी त्याचे तुषार उडवतात. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही. वृद्ध आणि धूम्रपान करणाऱ्यांना धोका जास्त.

आता आपल्या गच्चीकडे पाहू. टाकी आहे, सोलर आहे, बंद खोलीतला महिनाभर न उघडलेला शॉवर आहे. घाबरायचं कारण नाही. टाकी धुवावी, साठवलेलं गरम पाणी 60 अंशांच्या आसपास ठेवावं, बंद नळ वापरण्याआधी पाणी वाहू द्यावं.

खरा प्रश्न दवाखान्यातला आहे. नेहमीच्या कल्चरमध्ये हा जिवाणू वाढत नाही, पेनिसिलिन त्यावर चालत नाही. वेगळी तपासणी मागितली नाही, तर कागदावर नुसतं ‘न्यूमोनिया’ एवढंच राहतं. मॅक्डेडना तीच काचपट्टी पुन्हा पाहावी लागली. आपल्याकडे किती काचपट्ट्या दुसऱ्यांदा पाहिल्या जातात?