पिंप्राळ्याहून साडेपाच कोटी वर्षं मागे

खानदेशातल्या पिंप्राळ्यात सुरतेकडे जाणाऱ्या रुळांच्या कडेला उभे राहा आणि काळ सुमारे साडेपाच कोटी वर्षं मागे न्या. रूळ गेले, घरं गेली, कपाशी गेली. पायाखालचा काळा पाषाण तेवढा जागेवर आहे. तो म्हणजे याच्याही कोटभर वर्षं आधी निवलेला लाव्हा. अंगाला घाम फुटलाय, कारण तुम्ही विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहात. भारत आशियाला भिडण्याच्या बेतात आहे. हिमालय अजून उभा राहायचाय.

आता पश्चिमेची वाट धरा. आज सुरत जिल्ह्यात वस्तान आहे, तिथं समुद्राकाठची दलदल लागते. सालाच्या कुळातल्या झाडांच्या खोडांवरून राळ ओघळतेय. एक चिलट तिच्यात अडकलं, ते आता सुटणार नाही. घोड्या-गेंड्यांचा जुना नातलग कॅम्बेथेरियम चिखल तुडवत निघून जातो. तिन्हीसांजेला वटवाघळं बाहेर पडतात.

मान वर करा. फांदीवर बसलाय तो वस्तानाविस. पिसांच्या रंगावर जाऊ नका; हाडांवरून रंग कळत नाही. खांदा पाहा. पंखाला आधार देणारं तिथलं हाड पोपटांच्या एका जुन्या, नष्ट झालेल्या कुळाशी जुळतं. पक्षी उडतो, एक दिवस मरतो, चिखलात रुततो. वर पाला-लाकूड साचत जातं आणि त्याचा लिग्नाइट होतो.

पुन्हा आजच्या काळात या. वस्तानच्या लिग्नाइट खाणीतून ती इवलीशी हाडं निघाली आणि 2007 मध्ये गेराल्ड मायर, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणीच्या गावावरून या अख्ख्या नव्या वंशाचं नाव ठेवलं.

खानदेशाच्या पाषाणात असा पक्षी मिळणं अवघड. तापलेला लाव्हा हाडं राखत नाही. पण त्यावरचा गाळ राखतो. आपल्याच चाळीसगाव तालुक्यात, पाटण्याला, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली; एकावर माणसानं कोरलेली नक्षी आहे. तेव्हा विहीर खणताना किंवा नाल्याच्या दरडीत दगड झालेलं हाड, जाड कवच दिसलं, तर ते उपसून फेकू नका. जागेचा फोटो काढा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा.