महानुभाव पंथ : गुरू गेल्यावर पंथाचं काय होतं?

एका माणसाभोवती जमलेला छोटा गट तो माणूस गेल्यावर टिकतो कसा? महाराष्ट्रात याचं सगळ्यात जुनं आणि बारकाईने नोंदलेलं उदाहरण म्हणजे महानुभाव पंथ.

मूळचे गुजरातचे असलेल्या चक्रधर स्वामींनी 1267 मध्ये पैठणला संन्यास घेतला, तिथपासून पंथाची सुरुवात मानतात. भिक्षा मागून जगायचं, अहिंसा पाळायची, एका गावात फार काळ राहायचं नाही, अशी शिकवण होती. स्त्रियांनाही दीक्षा मिळे. मराठीतल्या आद्य कवयित्री महदाइसा याच पंथाच्या.

स्वामी निघून गेल्यावर शिष्य रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्याकडे गेले. पुढे तेही गेले आणि धुरा नागदेवाचार्यांकडे आली. आता डोळ्यांसमोर गुरू नव्हता, उरल्या होत्या फक्त आठवणी. म्हाइंभटांनी ज्यांना ज्यांना स्वामींचा सहवास लाभला होता त्यांना गाठून प्रसंग विचारले, आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यचरित्रग्रंथ तयार झाला. केसोबासांनी त्यातून स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ बांधला. बोललेलं शास्त्र झालं ते असं.

हे शास्त्र संस्कृतात असावं का, हा प्रश्नही निघाला होता. संस्कृतात लिहिलं तर साध्या बायाबापड्या त्याला मुकतील, म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला. पंथाच्या इतिहासातला हा बहुधा सगळ्यात दूरगामी निर्णय.

गंमत म्हणजे ज्या पंथात एका जागी थांबायला मनाई, त्यानेच नंतर जागा जपल्या. स्वामी कुठे बसले, कुठे जेवले, कुठे झोपले याच्या नोंदी ‘स्थानपोथी’त आहेत. त्या ठिकाणी ओटे बांधले गेले, तिथे नमस्कार होऊ लागले. भटक्या साधूंचे पुढे मठ झाले.

नागदेवाचार्यांनंतर एकमुखी नेतृत्व राहिलं नाही. परंपरेनुसार पंथाचे 13 आम्नाय, म्हणजे शाखा झाल्या. त्यातल्या कवीश्वर आणि उपाध्ये या पुढे प्रमुख ठरल्या. याच काळात पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्याची पद्धत पडली. ‘सकळ लिपी’ ही त्यातली प्रसिद्ध. अक्षरांची अदलाबदल केल्याने बाहेरच्याला काहीच वाचता येत नसे.

या लिप्यांमुळे ग्रंथ सुरक्षित राहिले, पण किंमतही मोजावी लागली. जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक वाटेल ते बोलतात. पंथाविषयी शतकानुशतके गैरसमज पसरले आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून हे साहित्य जवळजवळ गायब राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांनी लिपीचं कोडं उलगडलं, पंथातल्या महंतांनीही पोथ्या दाखवल्या, तेव्हा चित्र पालटू लागलं.

दरम्यान पंथ उत्तरेकडे पंजाब, पेशावर आणि थेट काबूलपर्यंत पोचला होता. तिथे त्याला ‘जयकृष्णी’ म्हणतात. धर्मग्रंथ मराठीत, त्यामुळे तिकडचे साधकही मराठी शिकत. मराठीला राजाश्रयाशिवाय मिळालेला असा मान दुर्मीळच.

पंथाची काशी मानलं जाणारं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. मराठी भाषा विद्यापीठ तिथेच स्थापन करण्याची घोषणा राज्याच्या 2023 च्या अर्थसंकल्पात झाली.