बाखमुत, आर्तेमिव्हस्क, बाखमुत : एका तालुक्याच्या नावाची आणि सीमांची गोष्ट



आजचा विषय वरवर पाहता अगदी कोरडा आहे. युक्रेनमधल्या एका प्रशासकीय विभागाचं नाव बदललं आणि चार वर्षांनी त्याच्या सीमाही बदलल्या. आता यात ऐकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण मला विचाराल तर गेल्या शंभर वर्षांत त्या भूमीवर काय काय होऊन गेलं, हे या कोरड्या कागदांतूनच सगळ्यात नीट कळतं. लढायांच्या बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. सरकारी ठराव मात्र राहतात.

आधी शब्द समजून घेऊ. युक्रेनमध्ये मोठ्या विभागाला ‘ओब्लास्त’ म्हणतात आणि त्याच्या पोटविभागाला ‘रायोन’. आपल्या भाषेत ढोबळमानाने रायोन म्हणजे तालुका समजा. आपण पाहणार आहोत तो रायोन दोनेत्स्क ओब्लास्तातला आहे. त्याचं नाव एकेकाळी आर्तेमिव्हस्क होतं, आज बाखमुत आहे. बाखमुत हे नाव २०२२-२३ मध्ये तुम्ही बातम्यांत शेकडो वेळा ऐकलं असेल. त्या युद्धाच्या आधी हे गाव कशासाठी ओळखलं जायचं? मिठासाठी.

मिठाचं गाव

बाखमुत हे मुळात एका नदीचं नाव. १५७१ च्या सुमारास या नदीकाठी एका पहाऱ्याच्या चौकीचा उल्लेख येतो. नावाचं मूळ तुर्की-तातारी मानलं जातं आणि बरेच जण ते महमूद या नावाशी जोडतात. हे लक्षात ठेवा, कारण ‘मूळ नाव परत आणलं’ असं आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा ते मूळ कोणाचं, हा प्रश्न लगेच उभा राहतो. इथे ‘मूळ’ नाव युक्रेनियनही नाही आणि रशियनही नाही. ते त्या गवताळ प्रदेशातून ये-जा करणाऱ्या लोकांचं आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढायला सुरुवात झाली. १७०३ मध्ये किल्ला उभा राहिला. या मिठावर हक्क कोणाचा, यावरून दोन कोसॅक गटांत जुंपली. बाखमुतचा अतामान, म्हणजे पुढारी, कोंद्राती बुलाविन याने १७०७-०८ मध्ये थेट झार पीटरविरुद्ध बंड केलं. बंड मोडलं गेलं, मीठ मात्र राहिलं. पुढे रशियन साम्राज्यात बाखमुत हे ‘उयेज्द’चं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जिल्ह्याचं ठाणं झालं. गंमत बघा, आजचं दोनेत्स्क शहर तेव्हा युझोव्का नावाची एक कारखान्याची वसाहत होतं आणि ते बाखमुतच्या हाताखाली येत असे. आज संपूर्ण ओब्लास्त दोनेत्स्कच्या नावाने आहे. कोळसा आणि पोलाद मिठापेक्षा मोठे ठरले.

१९२३-२४ : नवा नकाशा, नवं नाव

क्रांतीनंतर सोव्हिएत राजवटीने १९२३ मध्ये जुने उयेज्द मोडले आणि त्यांच्या जागी ‘ओक्रुहा’ व रायोन आणले. बाखमुत रायोन जन्मला तो इथे. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, शहराचं नाव आर्तेमिव्हस्क झालं. रायोनचंही तेच झालं.

हा आर्तेम कोण? फ्योदोर सेर्गेयेव्ह नावाचा बोल्शेविक कार्यकर्ता. आर्तेम हे त्याचं पक्षातलं टोपणनाव. म्हणजे या शहराला एका माणसाचं खरं नावसुद्धा मिळालं नाही! सैबेरियातून निसटून तो पूर्वेकडून ऑस्ट्रेलियात पोहोचला आणि क्वीन्सलँडमध्ये रशियन कामगारांची संघटना बांधू लागला. १९१७ मध्ये परतला. १९१८ मध्ये दोनेत्स्क-क्रिव्होय रोग सोव्हिएत प्रजासत्ताक नावाचं एक अल्पजीवी राज्य निघालं, त्याचा तो प्रमुख होता. या प्रजासत्ताकाचा दावा असा होता की हा औद्योगिक पट्टा युक्रेनचा भागच नाही. जुलै १९२१ मध्ये, विमानाचा पंखा बसवलेल्या एका प्रायोगिक रेल्वेगाडीच्या अपघातात तो गेला. स्टालिनचा तो जवळचा मित्र होता आणि त्याचा मुलगा पुढे स्टालिनच्याच घरात वाढला.

१९२४ याच वर्षी युझोव्काचं नावही बदललं आणि तिथे स्टालिनचं नाव लागलं. म्हणजे नकाशावर स्टालिन आणि त्याचा दिवंगत मित्र शेजारी-शेजारी बसले. नाव बदलणं हे तेव्हा स्मारक बांधण्याइतकंच सोपं होतं आणि त्यासाठी गावकऱ्यांना विचारण्याची गरज नव्हती.

नव्वद वर्षांत नाव कोणाचं होतं?

इथे थोडं थांबू या. कारण या टप्प्यावर आपण घाईने निष्कर्ष काढतो, की लादलेलं नाव म्हणजे खोटं नाव आणि ते गेलं म्हणजे प्रश्न सुटला. तसं नसतं.

आर्तेमिव्हस्क या नावाखाली तिथे तीन-चार पिढ्या जगल्या. १९४२ च्या सुरुवातीला नाझी ताब्यात असताना शहरातल्या सुमारे तीन हजार ज्यूंना जिप्समच्या खाणीत नेऊन मारण्यात आलं. ही घटना इतिहासात आर्तेमिव्हस्कच्या नावाने नोंदलेली आहे. १९५० मध्ये तिथल्याच जिप्समच्या भुयारांत शॅम्पेनचा कारखाना सुरू झाला. भुयारातलं तापमान वर्षभर स्थिर राहतं, त्यामुळे बाटल्या मुरवायला जागा उत्तम. तिथल्या हजारो माणसांनी त्या कारखान्यांत, मिठाच्या खाणींत आयुष्य काढलं. त्यांच्यासाठी आर्तेमिव्हस्क म्हणजे आर्तेम नव्हता. ते त्यांच्या शाळेचं, पगाराचं, लग्नाचं गाव होतं.

एक साधा हिशोब करून बघा. एखाद्या घरातली आजी १९२० ची, तिच्या जन्माच्या नोंदीत गाव बाखमुत. मुलगा १९५० चा, गाव आर्तेमिव्हस्क. पणतू २०१७ चा, गाव पुन्हा बाखमुत. एकच घर, कदाचित एकच गल्ली. नाव बदलणाऱ्या माणसाने या घराचा विचार करायला हवा.

२०१६ : कायद्याने नाव

आता २०१५ कडे येऊ. क्रिमिया गेला होता, दोनबासमध्ये युद्ध सुरू होतं. आर्तेमिव्हस्क युक्रेनच्या ताब्यात होतं, पण आघाडी तिथून जवळच होती. एप्रिल २०१५ मध्ये युक्रेनच्या संसदेने, म्हणजे व्हेरखोव्हना रादाने, साम्यवादी राजवटीची चिन्हं काढून टाकण्याचे कायदे मंजूर केले आणि मे महिन्यात ते लागू झाले. पद्धत अशी होती : स्थानिक परिषदांना नवं नाव सुचवायला सहा महिने. त्यांनी सुचवलं नाही, तर राष्ट्रीय स्मृती संस्थेची शिफारस घेऊन रादा स्वतः ठरवणार. या प्रक्रियेत देशभरातल्या ९८७ गावा-शहरांची आणि २५ रायोनांची नावं बदलली.

४ फेब्रुवारी २०१६ रोजी रादाने ठराव केला. आर्तेमिव्हस्क शहर बाखमुत झालं आणि आर्तेमिव्हस्क रायोन बाखमुत रायोन. त्याच दिवशी शेजारचं द्झेर्झिन्स्क हे तोरेत्स्क झालं. द्झेर्झिन्स्क हे नाव सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स द्झेर्झिन्स्की याचं होतं.

रायोनचं नाव संसदेच्या साध्या ठरावाने बदलतं. ओब्लास्तचं बदलत नाही, कारण ओब्लास्तांची नावं राज्यघटनेच्या १३३ व्या कलमात लिहिलेली आहेत. घटनादुरुस्तीला ४५० पैकी ३०० मतं लागतात. म्हणून २०१६ मध्ये द्निप्रोपेत्रोव्हस्क शहर द्निप्रो झालं, पण ओब्लास्तचं नाव द्निप्रोपेत्रोव्हस्कच राहिलं. तालुका सहज हलतो तो असा. तो घटनेत नसतो, त्यामुळे त्याला कुणी फारसं वाचवतही नाही.

हे सगळं लोकांच्या मनासारखंच झालं असंही नाही. किरोव्होह्रादमध्ये स्थानिक मतदानात लोकांचा कल येलिसावेत्ह्राद या जुन्या नावाकडे होता. रादाने मात्र नाटककार क्रोपिव्हनित्स्की यांचं नाव दिलं. जुन्या नावाला रशियन साम्राज्याचा वास येतो, हे कारण. म्हणजे ‘जुनं नाव परत’ हा नियम सगळीकडे लागला नाही. बाखमुतला तो लागला, कारण बाखमुत हे नाव झारच्याही आधीचं होतं.

आणि एक गंमत राहूनच गेली. मिठाच्या सरकारी कंपनीचं नाव ‘आर्तेमसिल’. सिल म्हणजे मीठ. शहर बदललं, रायोन बदलला, पण मिठाच्या पुड्यावर आर्तेम तसाच राहिला. देशभरातल्या स्वयंपाकघरांत लोक त्या नावाचं मीठ खात राहिले. व्यवहारातलं नाव कायद्यातल्या नावापेक्षा चिवट असतं, ते असं.

२०२० : सीमा बदलल्या

आता दुसरी गोष्ट. पुष्कळ जण नामांतर आणि पुनर्रचना यांची गल्लत करतात. २०१६ मध्ये फक्त पाटी बदलली, सीमा तीच होती. आणि ती सीमा मोठी विचित्र होती. बाखमुत शहर ‘ओब्लास्त दर्जाचं शहर’ असल्यामुळे ते बाखमुत रायोनमध्ये मोडतच नव्हतं! रायोनची कचेरी शहरात, पण शहर रायोनच्या बाहेर. मधोमध भोक असलेल्या मेदूवड्यासारखा तालुका. ही सोव्हिएत काळातली पद्धत होती. महत्त्वाची शहरं थेट ओब्लास्तच्या हाताखाली ठेवायची आणि भोवतालची गावं वेगळी.

१७ जुलै २०२० रोजी रादाने देशातले ४९० रायोन मोडून १३६ केले. दोनेत्स्क ओब्लास्तात १८ चे ८ झाले. त्याआधी काही वर्षं गावांना एकत्र करून ‘ह्रोमादा’ नावाच्या स्थानिक स्वराज्य संस्था उभ्या केल्या जात होत्या. शाळा, प्राथमिक आरोग्य, स्थानिक कर हे सगळं हळूहळू ह्रोमादांकडे गेलं. मग लहान रायोनांना काम उरलं नाही, म्हणून ते मोठे केले. अधिकार खाली गेले आणि मधला मजला रुंद पण रिकामा झाला.

नव्या बाखमुत रायोनमध्ये सात ह्रोमादा आल्या : बाखमुत, तोरेत्स्क, चासिव यार, सोलेदार, सिव्हेर्स्क, स्वित्लोदार्स्क आणि झ्वानिव्का. मेदूवड्याचं भोक बुजलं, शहर स्वतःच्या रायोनमध्ये आलं.

यातली झ्वानिव्का बघा. १९५१ मध्ये पोलंड आणि सोव्हिएत संघाने जमिनीची अदलाबदल केली. तेव्हा कार्पेथियन पायथ्याच्या बोइको लोकांना उचलून इथे आणून वसवलं. डोंगरातली माणसं मिठाच्या मैदानात आली. त्यांची बोली, त्यांचा ग्रीक-कॅथलिक धर्म त्यांनी जपला. सातांतली हीच एक ग्रामीण ह्रोमादा. एकदा सीमा सरकली म्हणून उखडले गेलेले लोक, सत्तर वर्षांनी एका नव्या सीमेत स्वतःच्या नावाची संस्था चालवू लागले. सुधारणेचा फायदा काय, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देईन.

आणि मग

या नव्या रचनेला दोन वर्षंही मिळाली नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण आक्रमण सुरू झालं. आर्तेमसिलचं उत्पादन त्याच वर्षी थांबलं. जानेवारी २०२३ मध्ये सोलेदार पडलं. या नावाचा अर्थ ‘मिठाचं दान’. मे २०२३ मध्ये रशियाने बाखमुत ताब्यात आल्याची घोषणा केली. युद्धाआधी सत्तर हजारांवर वस्ती असलेल्या शहरात उभी घरं शोधावी लागत होती. पुढे चासिव यार आणि तोरेत्स्कचीही तीच गत झाली.

आणि त्या घोषणेत शहराचं नाव काय होतं? आर्तेमोव्हस्क. बाखमुत नाही. ज्यांनी शहर उद्ध्वस्त केलं, त्यांनी पहिली गोष्ट केली ती पाटी बदलण्याची. शंभर वर्षांपूर्वी ‘हा पट्टा युक्रेनचा नाही’ म्हणणाऱ्या माणसाचं नाव परत आणलं. ते नाव आता कामगारांच्या आठवणीतलं आर्तेमिव्हस्क राहिलेलं नाही. तो एक दावा आहे.

म्हणून मला वाटतं, नामांतराकडे बघताना ‘जुनं बरोबर की नवं बरोबर’ हा प्रश्न पुरेसा नाही. नाव कोणत्या मार्गाने आलं, लोकांना बोलायला जागा होती का, आणि नाव बदलल्यानंतर त्या जागी माणसं राहू शकली का, हे तीन प्रश्न विचारा. १९२४ मध्ये विचारणा नव्हती. २०१६ मध्ये होती, अपुरी का होईना. २०२३ मध्ये तर विचारायला गावात माणूसच उरला नव्हता.

बाखमुत रायोन आज युक्रेनच्या कायद्यात आहे. सात ह्रोमादा कागदावर आहेत. तिथून बाहेर पडलेली माणसं देशभर आणि परदेशात विखुरली आहेत. त्यांच्या कागदपत्रांवर पत्ता म्हणून हेच नाव आहे : रायोन बाखमुत. घर नाही, गल्ली नाही, पण पत्ता आहे. सरकारी ठराव कोरडा असतो असं मी सुरुवातीला म्हणालो. या माणसांच्या हातात मात्र, परत जाण्याचा हक्क सांगणारा सध्या तेवढाच एक कागद आहे.

इथे थांबतो.