परिषदेआधीची परिषद

जुलै २००२मध्ये जिनिव्हात माहिती समाजावरील जागतिक शिखर परिषदेच्या तयारी समितीची पहिली बैठक भरली. खेड्यापाड्यांत दूरध्वनी कसा पोचवायचा, संगणक कुणाला परवडणार, असे प्रश्न त्या आठवड्यात जवळजवळ बाजूलाच राहिले. बराचसा वेळ कामकाजाच्या नियमांवर गेला. सरकारी शिष्टमंडळांखेरीज सभागृहात आणखी कुणी बसावे का, बसलेच तर त्यांनी बोलावे का, आणि बोलायचे तर किती वेळ, यावर वाद चालला. हा वेळेचा अपव्यय होता, असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते मात्र त्या परिषदेचा खरा इतिहास याच वादापासून सुरू होतो. मोठ्या परिषदेत मंचावर जे जाहीर होते त्याचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. विषयपत्रिकेत कुणाचा प्रश्न शिरला, मसुद्याची लेखणी कुणाच्या हाती होती आणि शब्दांची घासाघीस चालू असताना खोलीत कोण होते, यांवर तो अवलंबून असतो. म्हणून संबंधितांना परिषदेचे निमंत्रण देणे निराळे आणि तिच्या आखणीत त्यांना सामील करून घेणे निराळे. (सरकारी मराठीत अशा संबंधितांना सर्रास ‘भागधारक’ म्हणतात. तो शब्द शेअरबाजारातला आहे. ज्याच्या नावावर एकही शेअर नाही, पण ज्याच्या जगण्यावर निर्णयाचा परिणाम होतो, अशा माणसाबद्दल आपण इथे बोलत आहोत.)

हा प्रश्न इंटरनेटइतका नवा नाही. १८६५मध्ये पॅरिसला वीस राष्ट्रांनी मिळून आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन केला, तेव्हा तिथे फक्त सरकारांना जागा होती. ब्रिटनमधली तारसेवा त्या वेळी खासगी कंपन्यांकडे होती, म्हणून ब्रिटन त्यात नव्हता. हिंदुस्थानातली तार सरकारी होती, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थान १८६८च्या व्हिएन्ना परिषदेत दिसतो. १८७०मध्ये सुएझ-एडनकडून येणारी समुद्राखालची तार मुंबईच्या किनाऱ्याला लागली, तीही खासगी कंपनीचीच. तारांचे जाळे ज्यांच्या मालकीचे होते त्यांना वगळून दर आणि नियम ठरवणे अशक्य झाले, आणि १८७१-७२च्या रोम परिषदेत कंपन्यांना मताधिकाराविना प्रवेश मिळाला. तार पाठवणाऱ्याला मात्र विचारले नाही. पुढचे मोठे पाऊल दुसऱ्याच क्षेत्रात पडले. १९१९मध्ये जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रत्येक देशाला चार प्रतिनिधी दिले: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा, आणि चौघांनाही स्वतंत्र मत. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभारणारे नारायण मल्हार जोशी. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण त्यांची नेमणूक केली होती सरकारने. बिगर-सरकारी प्रतिनिधी सर्वाधिक प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडावेत, असे ही संघटना ज्यातून जन्मली त्या व्हर्सायच्या तहातच लिहिले होते. मग संमती द्यायला देशव्यापी संघटना हवी. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, लाला लजपतराय अध्यक्ष झाले. तिच्या स्थापनेमागे जी कारणे होती, त्यांत या कामगार संघटनेच्या परिषदेला कामगारांचा माणूस कोणी पाठवायचा, हे एक कारण ठळक होते. दूरदेशीच्या परिषदेतल्या एका खुर्चीने इथे संघटना घडवली.

माहिती समाजाच्या शिखर परिषदेचा प्रस्ताव ट्युनिशियाने १९९८मध्ये मिनिआपोलिस येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात मांडला. डिसेंबर २००१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याला मान्यता देताना स्वयंसेवी संस्था आणि खासगी क्षेत्र यांनीही तयारीत भाग घ्यावा, असे सुचवले. पण आयोजनाची धुरा होती दूरसंचार संघाकडे, म्हणजे त्याच जुन्या तार संघाच्या वारसाकडे. तिथे सरकारे आणि कंपन्या एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होत्या, स्वयंसेवी संस्थांना त्या घरात जागाच नव्हती. तयारी समितीचे अध्यक्ष मालीचे माजी शिक्षणमंत्री अदामा सामासेकू होते, आणि आफ्रिकी भाषांसाठी झटणाऱ्या या माणसाने दार शक्य तितके उघडे ठेवले. बामाको, बुखारेस्ट, टोकियो, बैरूत अशा ठिकाणी प्रादेशिक बैठका झाल्या. तरीही सप्टेंबर २००३मध्ये समितीच्या तिसऱ्या बैठकीत प्रत्यक्ष मसुदा बसवताना स्वयंसेवी संस्थांना सुरुवातीला काही मिनिटे बोलू देत आणि मग बाहेर पाठवत. सरकारांचे आपसांतही जमेना, तेव्हा तीच बैठक नोव्हेंबरात आणि पुन्हा डिसेंबरात बोलवावी लागली. ८ डिसेंबरला स्वयंसेवी संस्थांनी आपला स्वतंत्र जाहीरनामा एकमताने मंजूर केला. दोन दिवसांनी जिनिव्हात परिषदेचा पहिला टप्पा सुरू झाला, १७५ देशांतले ११ हजारांहून अधिक लोक आले, आणि इंटरनेटचा कारभार कुणी पाहायचा हा सर्वांत कळीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

तो सुटण्याच्या दिशेला लागला ते वेगळ्या पद्धतीने. भारतीय अर्थतज्ज्ञ नितीन देसाई यांच्या अध्यक्षतेखाली चाळीस जणांचा कार्यगट नेमला गेला. सरकार, उद्योग आणि नागरी संस्था अशा तिन्हीकडची माणसे त्यात बरोबरीने बसली, आणि जुलै २००५मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच इंटरनेट प्रशासन मंच उभा राहिला. त्याची विषयपत्रिका खुल्या सल्लामसलतीतून ठरू लागली, आणि बाहेरच्या संस्थाही कार्यशाळा सुचवू लागल्या. ३ डिसेंबर २००८ रोजी मंचाची बैठक हैदराबादला सुरू झाली, तेव्हा मुंबईवरचा हल्ला संपून चारच दिवस झाले होते. तरीही ती पार पडली. आखणीत अनेकांचा हात असला की कार्यक्रम किती तग धरतो, याचे हे एक उदाहरण मी मानतो.

सरकारांचा जुना आक्षेप असा की या संस्थांना कुणी निवडून दिले? आक्षेप खोटा नाही, पण त्यातून त्यांना बाहेर काढण्याचा निष्कर्ष निघत नाही. जोशींच्या नेमणुकीवर १९२०मध्ये मुंबईने दिलेले उत्तर मला अधिक पटते: ज्यांच्या नावाने बोलायचे त्यांनी संघटित होऊन आपला माणूस स्वतः निवडावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळ्यांना सारखी खुर्ची दिली की ज्याच्याकडे पैसा, वकील आणि विमानाची तिकिटे, त्याचाच आवाज मोठा होतो. एप्रिल २०१४मध्ये साओ पावलोच्या नेटमुंदियाल परिषदेने यावर एक उपाय करून पाहिला. मसुदा आधी इंटरनेटवर सूचनांसाठी ठेवला आणि सभागृहात सरकार, उद्योग, नागरी संस्था व तंत्रज्ञ-अभ्यासक यांच्यासाठी ध्वनिक्षेपकांच्या चार वेगळ्या रांगा लावल्या. मंत्र्यालाही आपल्या रांगेतच उभे राहावे लागे. भारताने तिथल्या अंतिम निवेदनाला संमती दिली नाही. सरकारांचे स्थान वेगळे असावे, या भारताच्या भूमिकेत विकसनशील देशांची खरी भीती आहे, कारण मोठ्या कंपन्यांना आवरायला गरीब देशापाशी सरकारखेरीज दुसरे हत्यार नसते. मात्र सरकारच्या हाती सगळे सोपवले की काय होते, तेही माहिती समाजाच्या शिखर परिषदेच्या दुसऱ्या टप्प्यात दिसले होते. नोव्हेंबर २००५मध्ये ट्युनिसला जिनिव्हाहून कितीतरी जास्त, १९ हजारांवर लोक जमले. यजमान सरकार आपल्याच देशात इंटरनेटवर पहारा ठेवत होते, आणि नागरिकांची स्वतंत्र शिखर परिषद त्याने भरू दिली नाही. तिच्या तयारीची बैठकही पोलिसांनी रोखली. उपस्थितीचा आकडा विक्रमी, आणि यजमान देशातलेच लोक बाहेर. जानेवारी २०११मध्ये ते सरकार त्याच लोकांनी उलथवले.

२२ सप्टेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांनी जागतिक डिजिटल करार स्वीकारला. कंपन्या, संस्था, अभ्यासक यांच्याकडून सूचना मागवल्या होत्या, सल्लामसलतीही झाल्या. मसुद्याच्या वाटाघाटी मात्र स्वीडन आणि झाम्बिया यांच्या समन्वयाखाली सदस्य राष्ट्रांनी आपसांत केल्या. जुलै २००२मधला वाद न्यूयॉर्कला सरकारांच्या बाजूने सुटला.