"आता आराम करा" हा सल्ला आला कुठून?

पोस्ट थोडी लांब आहे. पण घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर वाचाच.

आमच्या शहापुरात एखादी आजी चालताना दमायला लागली, तोल जायला लागला, की घरचे मायेनं म्हणतात, "बस न आजी, आयुष्यभर रोवणी केली, आता आराम कर." आजी बसते. मग बसलेलीच राहते. वर्षभरात तिला अंगणातल्या नळापर्यंत जायलाही हात धरावा लागतो, आणि आपण म्हणतो, "वयच झालं."

वयाचा वाटा आहेच. पण बसण्याचा किती? डॉक्टर लोकांनाही हे कळायला फार वेळ लागला.

शंभर वर्षांपूर्वी आराम हेच औषध होतं. हार्ट अटॅक आला की रोग्याला कित्येक आठवडे पलंगावर झोपवून ठेवत. 1952 साली बोस्टनच्या लेव्हिन आणि लाउन या डॉक्टरांनी रोग्यांना नुसतं खुर्चीत बसवण्याचा अनुभव छापला, तर तेही तेव्हा धाडसाचं वाटलं होतं.

पुढच्याच वर्षी लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी बसवाल्यांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दुमजली बसमध्ये जिने चढउतर करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होता.

मग 1966 साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांचा दम जितका कमी केला होता, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं केला होता! आणि पन्नाशीत सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा व्यायाम केल्यावर वयामुळं गेलेला दम परत आला.

कुणी म्हणेल, ते धडधाकट होते, आमची आजी तर वाऱ्यानं पडेल अशी. आपल्या पवनारच्या विनोबांनी 1951 साली, वयाच्या 55 व्या वर्षी भूदानासाठी चालणं सुरू केलं आणि तेरा वर्षं चालले. पण विनोबा सगळ्यांना होता येत नाही, हेही खरं. म्हणून पुढचे दोन अभ्यास महत्त्वाचे.

1994 साली डॉ. मारिया फियातारोन यांनी बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या 100 अशक्त वृद्धांवर अभ्यास केला. सरासरी वय 87. ज्यांना दहा आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, त्यांची ताकद दुपटीहून वाढली, चालण्याचा वेगही वाढला.

2014 साली लाइफ नावाचा मोठा अभ्यास आला. 70 ते 89 वयाचे, पाय कमजोर झालेले 1,635 लोक. अर्ध्यांना आरोग्यावर भाषणं, अर्ध्यांना चालणं, सोबत ताकदीचा आणि तोल सांभाळायचा व्यायाम. 400 मीटर चालण्याची क्षमता भाषणवाल्यांपैकी 35.5 टक्क्यांनी गमावली, चालणाऱ्यांपैकी 30.1 टक्क्यांनी. फरक जादूचा नाही. पण शंभरात पाच माणसं स्वतःच्या पायावर राहिली, आणि त्यातली एक तुमची आई असू शकते.

करायचं काय? आधी खुर्चीतून उठणं-बसणं. मग पाच मिनिटं चालणं, जवळ कुणीतरी हवं. हळूहळू वाढवायचं. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकाच वेग. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं. हृदयाचा आजार असेल किंवा नुकतंच पडणं झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता खरा प्रश्न. चालायचं कुठं? गाव नागपूर-भंडारा हायवेवर. ट्रकच्या बाजूनं काठी टेकत कोण चालणार? वृद्धांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची तरतूदही आहे. पण अशक्त माणसाला उपाय उंबरठ्याजवळ लागतो. हायवेपासून आत 400 मीटरची सपाट वाट, थोडी सावली, दर पन्नास मीटरवर टेकायला बाकडं. एवढं ग्रामपंचायतीला नक्की जमेल. माझं म्हणणं आहे, येत्या ग्रामसभेत ही मागणी लेखी देऊ.

तोवर एक करा. आज संध्याकाळी घरच्या म्हाताऱ्या माणसाला "बस" म्हणू नका. "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ," म्हणा.