बिनतारी छंदांतील स्त्रिया

बिनतारी संदेशाचें शास्त्र नवें होतें तेव्हां त्याच्या भोंवतीं दोन प्रकारचे लोक गोळा झाले. एक पोटासाठीं तें काम करणारे, आणि दुसरे केवळ हौसेखातर घराच्या माळ्यावर तारा गुंडाळीत रात्र रात्र जागणारे. या हौशी मंडळींस ‘हॅम’ म्हणतात. हिराम पर्सी मॅक्सिम यांनीं १९१४ सालीं अमेरिकेंत त्यांची संघटना स्थापिली आणि १९१५ च्या डिसेंबरांत ‘क्यूएसटी’ हें त्यांचें मासिक निघालें. या समाजांत कुळ, हुद्दा, संपत्ति यांची विचारपूस नव्हती. कळीवरचा हात स्वच्छ चालला कीं माणूस आपला. अशा समाजानें स्त्रियांस कसें वागविलें, हें पाहणें उद्बोधक आहे.

मोर्सच्या टिंबरेघांना आवाज नसतो कीं चेहरा नसतो. कळ दाबणारा हात पुरुषाचा कीं स्त्रीचा, हें शेंकडो मैलांवर ऐकणाऱ्यास कळण्याचा मार्ग नाहीं. वास्तविक येथें तरी स्त्रीपुरुषभेद आपोआप गळून पडावयास हवा होता. झालें उलटें! दिसत नाहीं तो पुरुषच असणार, असें सर्वांनीं गृहीत धरलें. परस्परांस ‘ओल्ड मॅन’, म्हणजे ‘म्हातारबुवा’, असें संबोधण्याचा प्रघात पडला. मॅक्सिम स्वतः आपले विनोदी लेख याच नांवानें लिहीत. स्त्री आढळली तर ती ‘यंग लेडी’, मग तिचें वय सत्तर कां असेना; आणि हौशी पुरुषाची बायको ती ‘एक्स-यंग लेडी’, म्हणजे माजी तरुणी. बारा वर्षांच्या पोरास वडीलकीची पदवी आणि आजीबाईस तारुण्याची! थट्टा निरुपद्रवी खरी. पण पुरुषाची ओळख त्याच्या बरोबरीच्या गड्यांवरून आणि स्त्रीची तिच्या वयावरून व लग्नावरून ठरत होती, हें त्या थट्टेंतून उघड होतें.

निरोप संपवितांना ‘७३’ हा आंकडा पाठविला कीं त्याचा अर्थ ‘सस्नेह नमस्कार’. स्त्रियांस मात्र पुष्कळदां ‘८८’ येई; त्याचा अर्थ ‘प्रेम आणि चुंबनें’. यंत्राविषयीं बोलावयास आलेल्या स्त्रीस हें अनाहूत लाडिकपण पत्करावें लागे.

सर्वांनींच तिरस्कार केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. ओहायो संस्थानांतील सेंट मेरीज गांवच्या एम्मा कँडलर या १९१६-१७ च्या सुमारास पतीसह ‘८एनएच’ हें केंद्र चालवीत, आणि त्यांच्या कौशल्याची हौशी मंडळींत वाखाणणी होई. परंतु कौतुकानेंही माणूस परका ठरतो. ‘बाई असून किती छान!’ या वाक्यांत ‘बाई असून’ हे दोन शब्द दाराशीं उभ्या असलेल्या पहारेकऱ्यासारखे आहेत.

यावर स्त्रियांनीं आपल्या परीनें तोड काढली. १९३९ सालीं एथेल स्मिथ यांनीं ‘क्यूएसटी’ मासिकाच्या द्वारें इतर स्त्रियांस साद घातली, आणि त्यांतून ‘यंग लेडीज रेडिओ लीग’ ही संस्था उभी राहिली. क्लारा रेगर यांनीं सुचविलेला ‘३३’ हा आंकडा स्त्रियांनीं परस्परांसाठीं स्वीकारला. त्याचा अर्थ मैत्रीनें बांधलेला स्नेह. ‘८८’ ला दिलेलें हें उत्तर मोठें सौम्य, पण नेमकें होतें.

याहून ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियांतील फ्लोरेन्स व्हायोलेट मॅकेन्झी यांचें. सिडनेच्या तांत्रिक विद्यालयांत, विजेच्या धंद्यांत प्रत्यक्ष काम करीत असल्याचें दाखविल्यावांचून प्रवेश मिळेना. तेव्हां त्यांनीं एका घरांत वीज बसविण्याचा मक्ता स्वतःच मिळविला आणि तो कागद पुढें केला. १९२३ सालीं विद्युत्-अभियांत्रिकीची पदविका मिळविणाऱ्या त्या त्या देशांतील पहिल्या स्त्री होत. हौशी प्रक्षेपणाचा परवानाही तेथें स्त्रियांत प्रथम त्यांनाच मिळाला. रॉयल आर्केडमध्यें त्यांचें बिनतारी सामानाचें दुकान होतें.

१९३९ सालीं, पुरुष युद्धावर गेले म्हणजे तारयंत्रें कोण चालविणार हें ओळखून, त्यांनीं मुलींस मोर्सचें शिक्षण देण्यासाठीं संदेशपथक काढलें. फी कांहींच नव्हती. आरमार मुलींस घेईना. शेवटीं परीक्षा होऊन त्या उत्तीर्ण झाल्यावर, १९४१ च्या एप्रिलांत १४ मुली कॅनबेराजवळील हार्मन केंद्रावर रुजू झाल्या; अट एवढीच कीं, या गोष्टीचा गाजावाजा होऊं नये! यांतूनच पुढें त्या देशाचें स्त्रियांचें आरमारी दल निर्माण झालें. आणि ज्या बाईंच्या शिष्यिणी नकोशा होत्या, त्याच बाईंपाशीं सुमारें १२,००० सैनिक व खलाशी मोर्स शिकून गेले. १९५० सालीं त्यांना ओबीई हा किताब मिळाला.

गुण सिद्ध झाल्यावर दार उघडलें, हें खरें. पण पुरुषास दार आधीं उघडतें आणि गुण मागून पाहिला जातो. स्त्रीस मात्र आधीं गुण सिद्ध करावा लागतो, तोही बाहेर उभें राहून. आजही या छंदांत पुरुषांचीच संख्या फार मोठी आहे. घरांतला बिघडलेला रेडिओ उघडतांना मुलास जवळ बोलाविलें जातें आणि मुलीस दिवा धरावयास सांगितलें जातें. त्या दिव्याबरोबर एक पेंचकस तिच्या हातीं कां देऊं नये?