ठेका रचणारा, आवाज राखणारा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर महाराष्ट्र संपतो तो तलासरी तालुक्यातल्या अच्छाडला. तपासणी नाका, मालट्रकांच्या रांगा आणि पलीकडे लगेच गुजरात. वारली, धोडिया, मराठी, गुजराती, हिंदी अशा बोली-भाषा इथे एकमेकींच्या अंगावरून जातात. हिप हॉप संगीताच्या प्रोड्युसरचा आणि ध्वनी अभियंत्याचा व्यवसाय समजून घ्यायला निघालेल्या माणसाने सुरुवात न्यूयॉर्कहून करावी, फार तर धारावीहून. ती अच्छाडहून कशाला, असा प्रश्न वाचकांना पडला तर तो रास्तच आहे.

त्याचे उत्तर वारली चित्रांत आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणली, ती देशोदेशी गेली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण लग्नाचा चौक भिंतीवर लिहिला जातो तेव्हा त्याच्या जोडीला लग्नविधी चालवणाऱ्या धवलेरींचे गाणे असते. चित्राला कागद मिळाला, त्याची कीर्ती झाली. गाणे मात्र पाड्यावरच राहिले. तारपा, घांगळी ही वाद्ये आणि धवलेरींचा स्वर यांना जगाच्या कानापर्यंत न्यायचे तर ते नीट टिपणारा आणि नव्या रचनेत मानाने बसवणारा कोणीतरी लागतो. हिप हॉपच्या जगात नेमके हेच काम करणारी दोन माणसे असतात. रॅपरचे नाव सर्वांना ठाऊक असते, या दोघांचे फारसे कोणाला नसते. हे लिखाण त्यांच्याविषयी आहे.

या संगीताचा जन्मच मुळी कान देऊन ऐकणाऱ्याच्या हातून झाला. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीत बहिणीने ठेवलेल्या पार्टीत डीजे कूल हर्क तबकड्या लावत होता. गाण्यात मधेच गायक थांबतो आणि नुसता ताल वाजतो, त्या तुकड्यावर लोक जास्त बेभान नाचतात, हे त्याने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा लांबवत नेण्याची युक्ती त्याने रूढ केली. पुढे 1980 साली रोलँड कंपनीचे 808 हे तालयंत्र आले, 1988 साली अकाईचे एमपीसी आले. एमपीसीत जुन्या गाण्याचा तुकडा साठवून तो बोटाने बडवता येऊ लागला. हर्कने दोन तबकड्यांवर केले ते आता एका पेटीत होऊ लागले. सिनेमाचा निर्माता पैसा उभा करतो; इथला प्रोड्युसर ठेका रचतो, तुकडे निवडतो, गाण्याचा पिंड ठरवतो. त्याला संगीतकार म्हटले तरी चूक नाही.

मराठी वाचकांना हे परके वाटू नये म्हणून एक उदाहरण मुद्दाम देतो. 2002 साली अमेरिकेत ‘ॲडिक्टिव्ह’ हे गाणे गाजले. त्यातला एक स्वर लता मंगेशकरांचा होता. ‘ज्योती’ या 1981 च्या हिंदी चित्रपटातल्या गाण्याचा तुकडा प्रोड्युसर डीजे क्विकने त्यात गुंफला होता. परवानगी घेतली नव्हती, श्रेयही दिले नव्हते. मूळ संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले आणि त्यांना श्रेय दिल्याशिवाय ते गाणे असलेला आल्बम विकता येणार नाही, असा आदेश 2003 साली निघाला. त्याच्याही आधी, 1997 साली, मुंबईत वाढलेल्या आशा पुथली यांच्या ‘स्पेस टॉक’ या गाण्याचा तुकडा नोटोरियस बीआयजी या रॅपरच्या गाण्यात गेला होता. म्हणजे हिप हॉप आपल्याकडे रुजले त्याच्या कितीतरी आधी आपले सूर त्याच्या घरी नांदून आले होते. क्विकच्या कानाचे कौतुक करावे आणि श्रेय बुडवल्याबद्दल त्याला दोषही द्यावा. मला या दोन्हींत विसंगती दिसत नाही.

ध्वनी अभियंत्याचे काम याहून अबोल. प्रोड्युसरने रचलेले सगळे आवाज आणि रॅपरचा शब्द एकमेकांना न चिरडता ऐकू यावेत, ही त्याची जबाबदारी. ती किती नाजूक आहे हे पाहायचे तर तारप्याचे ध्वनिमुद्रण डोळ्यांपुढे आणा. वाळलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाची पाने आणि मेण यांतून हे वाद्य घडते. वादक श्वास तुटू देत नाही. नाकाने घेतो आणि गालांत साठवलेला वारा आत सोडत राहतो. त्यामुळे दोन सुरांमध्ये फट नाही, जिथे कात्री चालवावी अशी जागाच नाही. त्यात वादक एका जागी बसत नाही. नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते, तोही फिरतो, आणि माइकपासूनचे अंतर क्षणाक्षणाला बदलते. अच्छाडसारख्या ठिकाणी महामार्गाची घरघर खालच्या पट्टीत सतत असते. ती गाळायला जावे तर सोबतच्या ढोलाचा खर्जही तिच्याबरोबर जातो. किती गाळायचे आणि किती राहू द्यायचे, हे कानाने ठरवावे लागते. यंत्रावरचे आकडे तिथे फार साथ देत नाहीत.

खरा पेच त्यानंतर येतो. संगणकावरचा ठेका सरळ रेघेत चालतो, तारप्याची लय मात्र नाचणाऱ्यांच्या पायाबरोबर कमी-जास्त होते. सोपा मार्ग म्हणजे तारपा ताणून-दाबून ठेक्यात बसवणे. बहुतेक ‘फ्यूजन’ असेच होते आणि म्हणूनच ते निर्जीव वाटते. दुसरा मार्ग डेट्रॉइटच्या जे डिलाने दाखवला. यंत्राची आपोआप दुरुस्ती करणारी सोय बंद ठेवून तो ताल हाताने वाजवायचा आणि ठोके किंचित मागेपुढे राहू द्यायचा. तारप्यासाठी हाच धडा कामाचा आहे: वाद्याला वाकवू नका, ठेक्याला वाकवा.

आपल्याकडे या वाटेवर पावले पडली आहेत. 2015 च्या ‘मेरे गली में’ने मुंबईचे रॅप देशभर पोहोचवले, त्याचा ठेका सेझ ऑन द बीट या दिल्लीच्या प्रोड्युसरचा होता. पण तलासरी-डहाणूच्या या पट्ट्यासाठी त्याहून महत्त्वाचे काम ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाचे. एमसी मवाली, अमरावतीचा 100 आरबीएच, गुजरातीत रॅप करणारा आणि 2022 साली ऐन चोविशीत गेलेला एमसी तोडफोड, आणि संगीताची बाजू सांभाळणारे नार व राक्षस, अशी ही मंडळी. मुंबईतल्या आरेच्या जंगलाचा लढा पेटला होता तेव्हा, 2019 साली, त्यांनी आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केले. शीर्षकातला उठाव तलासरीच्या मातीतला. 23 मे 1945 रोजी झरी गावात हजारो आदिवासी जमले आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो सविस्तर आला आहे. ते पुस्तक आधी वाचून मग गाणे ऐकले तर दोन्ही अधिक उमगतात.

नव्याने येणाऱ्या वाचकांनी एक पथ्य पाळावे. पहिल्यांदा ऐकताना शब्दांच्या मागे लागू नये. एखादे गाणे घ्या आणि त्यातला फक्त खर्ज ऐका. मग पुन्हा लावा आणि रॅपरचा आवाज किती पदरी आहे ते पाहा; ओळीच्या शेवटच्या शब्दाला दुसरा आवाज जोड देतो, तो बहुधा त्याचाच असतो, वेगळा मुद्रित केलेला. नंतर गाण्यात गुंफलेला जुना तुकडा कुठून आला याचा शोध घ्या. तुमचे कान इतके तयार झाले की शब्द आपोआप जागेवर येतील.

ज्या तरुणांना यात पोटापाण्याची वाट दिसते, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे रीतसर शिक्षण मिळते, पण हिप हॉपमधले बरेच जण घरच्या संगणकावरच शिकले. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला आहे. ठेका रचणाऱ्याने संगीतकार म्हणून आपले नाव लेखी नोंदवून घेतले तरच त्याचा उपयोग. अभियंत्याला तेवढेही संरक्षण नाही. त्याचा हिशोब बहुधा कामाच्या मोबदल्यावरच मिटतो. आणि पाड्यावरच्या वादकाचा तारपा वापराल तर परवानगी, नाव आणि पैसा, तिन्ही त्याच्यापर्यंत पोहोचवा. लाहिरींकडे वकील होता, त्याच्याकडे नसेल.

एवढे सांगून वाचकांना या संगीतात सोडतो. मात्र ही गाणी फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. 808 चा खर्ज त्यातून उमटतच नाही. हेडफोन लावा, साधाही चालेल.